सोळा हात खोल खड्ड्यातला दोर

ही गोष्ट खोटी वाटली तर वाटू द्या. मला पर्वा नाही. माझ्या मुखरूकाकांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

सन १९५७. चैत्रातली भर दुपार. धानोऱ्याच्या पुढचं जंगल.

युरोपातली एक गॅस कंपनी तिथे जमिनीत गॅस शोधत होती. त्या कंपनीचा जाडजूड इतिहास नुकताच माझ्या हाती पडला. त्यात आमच्या जंगलाला एकच ओळ आहे... ‘येथे गॅस आढळला नाही.’

आढळला नाही म्हणे! मग लालसू कशाने मेला?

लालसू तिथल्याच गावचा मजूर. कमरेला दोर बांधून तो सोळा हात खोल खड्ड्यात नळ बसवायला उतरला. दोराचं वरचं टोक काकांच्या हातात होतं, तेही कंपनीतच नोकरीला होते. खालून तीन हिसके आले की वर ओढायचं, असं ठरलेलं.

तीन हिसके आले.

पण तेव्हाच कंपनीच्या गोऱ्या साहेबाचा फोटो काढणं चाललं होतं. कोणी हलायचं नाही, असा हुकूम होता. काका हलले नाहीत.

फोटो झाल्यावर ओढलं, तर दोर खाली अडकलेला. हाका मारल्या... उत्तर नाही.

आत गॅस आहे, कोणी उतरू नका, असं साहेबच म्हणाला. आणि त्याने खड्डा बुजवून टाकला. माणसासकट!

लालसूची बायको रुखमा दोन दिवस त्या मातीपाशी बसून होती. तिला नवरा हवा होता, आपल्या माणसांत पुरायला. एवढंच तिचं मागणं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मातीबाहेर राहिलेलं दोराचं टोक हललं...

एकदा. दोनदा. तीनदा.

काकांनी दोर धरला. या वेळी तो अडला नाही. दहा हात आला. सोळा हात... तीस हात... तरी संपेना. वरची माती मात्र जागची हलत नव्हती.

“वढा मुखरूभाऊ,” रुखमा म्हणाली, “येऊन राह्यला तो.”

तेवढ्यात साहेब आला. आधीच गोरा, तो आणखी पांढरा पडला. दोर तोडायला सांगून त्याने काकांच्या हाती कुऱ्हाड दिली.

आणि काकांनी तोडला. नोकरीच्या भीतीने की वर येणाऱ्याच्या, देव जाणे.

तुटलेलं टोक झपकन मातीत गेलं.

रुखमा रडली नाही. काकांकडे बघून म्हणाली, “दोनदा मारलं तुमी त्याले.”

कंपनीवरचा माझा राग मरेपर्यंत जाणार नाही. काकांवरही आहे, ते गेले तरी.

पण कुऱ्हाड माझ्या हातात असती तर...? रोज स्वतःला विचारतो. अजून छातीवर हात ठेवून उत्तर देता येत नाही.