नुसतं युक्रेन

“द शिप इज गोइंग टू द युक्रेन...”

“‘द’ काढा त्यातला.”

मी दचकले. हातातलं पुस्तक बाल्कनीतून खाली पडता पडता राहिलं. नेरूळला तेव्हा, म्हणजे त्र्याण्णव साली, इमारती आधी येऊन उभ्या राहिल्या होत्या. माणसं यायची होती. समोरची विंग तर पुरती रिकामी. दिवेलागणीची वेळ, खाडीवरून येणारा खारट वारा, आणि समोरच्या अंधाऱ्या बाल्कनीत — कुणीतरी.

“काय काढू?” मी विचारलं. उरणच्या एका शिपिंग कंपनीत माझा इंटरव्ह्यू होता आणि इंग्रजीची बोंब. भिण्यापेक्षा शिकून घेणं परवडलं.

“‘द’. नुसतं युक्रेन म्हणायचं. ‘द’ लावायचे तेव्हा तो रशियाचा एक तुकडा समजायचे. आता स्वतंत्र देश आहे.”

“आणि राजलक्ष्मीला लावायचा का हो?”

“ही राजलक्ष्मी कोण?”

“मीच...”

पलीकडून हसू आलं. “मग नको. ‘द’ लागला की कुणाच्या तरी मालकीचा मुलूख वाटतो. आहात का कुणाच्या?”

“अजून तरी नाही,” मी म्हणाले, आणि कान गरम झाले.

त्याचं नाव रणजीत. बोटीवर रेडिओ ऑफिसर. दिवे लागले की तो बोलायचा. चेहरा मात्र कधी दिसला नाही. माझा आवाज दोन्ही विंगांमध्ये घुमायचा, त्याचा घुमत नसे. तो उभा असे तिथंच, कठड्यावर, कबुतरं निवांत झोपलेली असत. हे सगळं मला दिसत होतं. पण प्रेमात पडलेल्या मुलीला दिसलेलं सगळं कळायलाच हवं, असं कुठं आहे?

आईला मात्र कळलं. “कुणाशी बोलतेस गं? त्या घराची किल्ली आपल्या खालच्या मजल्यावरच्या मुक्ताबाईंकडं असते. त्यांच्या लेकानं बोटीच्या पगारातून घेतलं, आणि राहायला आलाच नाही. परदेशात बंदरात पडला म्हणं पाण्यात. सापडलासुद्धा नाही.”

मला ताप भरला नाही, की कापरं. मी फक्त संध्याकाळची वाट पाहिली.

“खरं का?” मी विचारलं.

तो म्हणाला, “ओडेसा बंदर. माझी आई रोज तिन्हीसांजेला दारात उभी राहून हाक मारते. ऐकलीय?”

ऐकली होती. अख्ख्या सोसायटीनं ऐकली होती. ‘रणजीत, रशियातून घरी ये रे बाळा!’

“मी निघालो तेव्हा सगळं रशियाच म्हणायचे. पाण्यात पडलो तेव्हा युक्रेन होतं. तिची हाक भलत्याच मुलखात जाते, राजलक्ष्मी. मी इथवर येतो, पण तिच्या दारात पाय ठेवता येत नाही. तिला नाव सांगाल नीट?”

“सांगितलं की?”

“घरी जाईन.”

“आणि इथं...?”

“इथं नाही येणार मग.”

“मग नाही सांगत, जा! तुम्ही — तुम्ही मला हवे आहात.”

बोलून गेले खरी. पलीकडं एक पीसही हललं नाही.

“मलाही तुम्ही,” तो हळूच म्हणाला. “पण ती थकलीय हो.”

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी मुक्ताबाईंच्या दारात उभी होते. “काकू, रशिया नाही. युक्रेन म्हणा.”

“यु... काय? मुलखाचं नाव कुटलं का असंना, काय फरक पडतोय?”

“पडतो.”

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. पदर सावरला. “रणजीत... युक्रेनातून घरी ये रे बाळा!”

वारा थांबला. जिन्यात पावलं वाजली — ओली. आम्हा दोघींच्या मधून काहीतरी खारं, गार, आत गेलं. आणि घरात, पार आतल्या खोलीत, कुणीतरी दमून आल्यासारखा श्वास सोडला.

मुक्ताबाई भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, “तुला कुनी सांगितलं गं हे नाव?”

“त्यांनी.”

“त्यांनी?”

माझी मान वर होईना. बायका नवऱ्याबद्दल ज्या सुरात बोलतात, तो सूर माझ्या तोंडून कसा निघाला कोण जाणे. मुक्ताबाईंना तो बरोबर ऐकू आला. डोळे पुसत त्या आत गेल्या, तांदळानं भरलेलं माप घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर ठेवलं.

“उजव्या पायानं, पोरी,” त्या म्हणाल्या.