मेंढ्याच्या शिंगांचा मुकुट

"ताई, खाली उतर! बाबांना चौकात आणलंय!" वंदाद रडवेला झाला होता.

"गप! तूच वर ये!" दीनकनं धाकट्या भावाला चौकालगतच्या आपल्या अंगणातल्या तुतीच्या फांदीवर ओढलं. शेजारची आझादे आधीच वर चढून बसली होती.

ऐन नवरोजच्या, नव्या वर्षाच्या सुट्टीत घात झाला होता. काल इराणातल्या किरमान शहरात नवा सुभेदार आला. सुभेदार कसला, राजाच! शहेनशाहाच्या रक्ताच्या सुभेदाराला मुकुट मिळतो आणि 'किरमानशाह' हा किताबही. आल्या आल्या त्यानं खजिन्याची किल्ली मागितली. बाबा किल्लेदार. ते म्हणाले, "आधी फर्मान दाखवा." झालं! दिवस मावळायच्या आत बाबांचं मुंडकं उडवायचा हुकूम सुटला.

"किरमानशाह येताहेत होऽ!"

अख्खा चौक धुळीत आडवा झाला. शाहाच्या तोंडाकडे बघायची कुणाची छाती? अग्निमंदिराचे म्हातारे पुजारी, मोबेद आजोबा, तेही कपाळ टेकून पडले. झाडावरच्या तिघांना मात्र सगळं दिसत होतं.

"अगं बाई, त्याच्या मुकुटाला शिंगं आहेत!" आझादे पुटपुटली.

"मेंढ्याची! आपल्या घरच्या चांदीच्या वाडग्यावर कोरलेल्या शाहासारखी!" वंदाद म्हणाला.

दीनक चरकली. "पण तो शाह तर कधीच वारला! मेलेल्याचा मुकुट नवा शाह घालत नाही. प्रत्येकाचा वेगळा घडवतात. हा तर तोतया आहे!"

"ओरडू या?"

"पोरांचं कोण ऐकतंय! बाबांच्या आधी आपलीच मुंडकी जातील." दीनकच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तेवढ्यात खाली तलवार म्यानाबाहेर निघाली.

दीनकनं सरळ उडी टाकली. घरात घुसून वाडग्यातले आईनं रुजवलेले नवरोजचे गहू जमिनीवर उपडे केले आणि वाडगा पोटाशी धरून ती आडव्या पडलेल्या माणसांमधून रांगत सुटली.

"आजोबा, वर बघा ना!"

"वेडी का गं? शाहाकडे बघू?" मोबेद धुळीतच कुजबुजले.

"मग खाली बघा!" तिनं वाडगा त्यांच्या नाकाखाली सारला. "हाच मुकुट आहे त्याच्या डोक्यावर. अग्नीची शपथ! बाबांना मारतील हो!"

मोबेदांनी वाडगा पाहिला. मग मान वर केली. आणि ते उठूनच उभे राहिले!

"थांबव ती तलवार! उठा रे सगळे, वर बघा! हा मुकुट मेलेल्या शाहाचा आहे!"

एकेक मान वर झाली. तोतया पळायला वळला आणि मुकुट डोक्यावरून निसटून दगडावर खणकन आपटला. मुलामा उडून आतलं पितळ दिसलं! पहारेकऱ्यांनी त्याची गचांडी धरली. जुन्या नाण्यावरचं चित्र बघून त्यानं मुकुट घडवून घेतला होता.

"आम्ही नुसता किताब ऐकला आणि माती चाटली," मोबेद तिघांना जवळ घेत म्हणाले. "डोळे उघडे ठेवले ते या पोरांनी. शाबास रे!"

दोर सुटताच बाबांनी दीनकला घट्ट छातीशी धरलं. मग म्हणाले, "उद्या-परवा कधीतरी खरा किरमानशाह येईल. आम्ही सगळे वाकू. तू मात्र झाडावरच बस, पोरी."