डोहातली मोठी वाम

१९८७ सालची ती मोठी सुट्टी. न्यू गिनीच्या डोंगरांत नदीवर धुकं इतकं खाली उतरायचं की झोपड्या पाण्यावर तरंगताहेत असं वाटायचं. त्याच धुक्यातून नाओमी आणि धाकटा किसिंग वाम धरायला निघाली होती. थोरली बहीण दोरिका कालच बाळंतपणाला माहेरी आली होती आणि गावची रीतच होती, सगळ्यांत मोठी वाम पोटुशीला!

"ताई, चांदण्या सांडल्यात!" ओढ्याच्या तोंडाशी किसिंग ओरडला. गाळावर चंदेरी थेंब पळत होते.

"हात लावू नकोस!" नाओमीने त्याला मागे खेचलं. शाळेतला तापमापक फुटला तेव्हा बाई अशाच किंचाळल्या होत्या. "पारा आहे तो. विष!"

थेंबांचा माग काढत दोघं वर गेली. तिथे याकाम मामा सोनं धूत होता. वाळूत पारा कालवायचा, त्याला सोन्याचे कण चिकटले की उरलेलं पाणी थेट ओढ्यात! शेजारी माशांचे रिकामे डबे पडले होते.

"वामीसाठी जीव टाकणारा मामा डब्यातले मासे खातो?" किसिंग कुजबुजला.

नाओमीने डब्यांवरून ओढ्याकडे आणि ओढ्यावरून खालच्या डोहाकडे पाहिलं. किडे गाळ खातात, मासोळ्या किडे खातात, मासोळ्यांना वाम खाते. सगळा पारा वामीत! आणि ती वाम दोरिका खाणार, म्हणजे तिचं बाळही...

"चल, आजोबांना सांगू!" किसिंग म्हणाला.

"पोराटोरांचं कोण ऐकतंय?" नाओमी म्हणाली. "मामालाच बोलायला लावू."

दोघांनी त्याच ओढ्याखालच्या डोहातली सगळ्यांत मोठी वाम धरली. रविवारी सगळं गाव जेवायला जमलं. वाम धरणारा ज्याला ती देईल त्याने नाही म्हणायचं नाही, असा तिथला मान. दोरिकाने हसत हात पुढे केला. नाओमी तिला ओलांडून मामासमोर थांबली.

"मामा, तुझ्या ओढ्याखालच्या डोहातली आहे. घे ना!"

मामाचा हात केळीच्या पानावरच थबकला. "मला... भूक नाही गं."

"मग दोरिकाला देऊ?"

"नको! तिला नको!" मामा ओरडलाच. मग खाली मान घालून म्हणाला, "पारा विकणाऱ्याने बजावलं होतं, तिथले मासे खाऊ नकोस. मला वाटलं, बाटली एवढीशी, नदी केवढी मोठी..."

आजोबांनी ती वाम खोल पुरायला लावली आणि नाओमीच्या डोक्यावर हात ठेवला. "इतक्या वर्षांत असं पान कुणी वाढलं नव्हतं, पोरी!"

दोरिकाला मुलगी झाली, खणखणीत रडणारी. आज ती शाळेत शिकवते. किसिंग नदीत होडी चालवतो. मामाने सोनं सोडून कॉफी लावली आणि शेवटपर्यंत तो दूरच्या ओढ्यातली वाम मागून खायचा. गाळातला पारा काही लवकर जात नाही. म्हणून नाओमी, केस पांढरे झाले तरी, त्या डोहात कुणाला गळ टाकू देत नाही. धुक्याखाली तिथल्या वामी निवांत म्हाताऱ्या होतात.