दोन टिचक्या

लिफ्टचं दार मिटता मिटता मी आत घुसलो आणि माझ्या हातातला विगचा खोका निसटला. झाकण एकीकडे, विग दुसरीकडे. लालभडक कुरळ्या केसांचा तो ढीग घरंगळत गेला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका माणसाच्या बुटांवर जाऊन विसावला.

त्याच्या गळ्यात हेडफोन होते, दोन्ही खांद्यांवर वायरींची वेटोळी. तो वाकला, दोन्ही हातांनी विग अलगद उचलला आणि त्यावरून हात फिरवत म्हणाला, "घाबरलीय बिचारी. मांजर आहे ना?"

"विग आहे."

"अच्छा..." त्याने हात फिरवणं काही थांबवलं नाही. "तरी घाबरलीय."

मी हसलो. खरं तर हसू यावं असा तो दिवस नव्हता. वरच्या मजल्यावर टीव्हीवरच्या ड्रॅग क्वीन स्पर्धेचं, म्हणजे बाईचा साज चढवून स्टेज गाजवणाऱ्या पुरुषांच्या स्पर्धेचं, शूटिंग सुरू होणार होतं आणि निवडलेल्या मोजक्या जणींमध्ये मी होतो. आठवडाभर मामाच्या सलूनमध्ये लोकांचे केस कापणारा आणि शनिवारी क्लबच्या स्टेजवर गाऊन घालून धुमाकूळ घालणारा मी. स्टेजवरचं नाव मादाम चुळबुळ. हे नाव म्हणजे आईची देणगी. "हा पाळण्यातसुद्धा कधी गप्प पडला नाही, मेल्याच्या पायाला भिंगरीच आहे," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

दुपारी मेकअप होऊन मी बाहेर आलो तेव्हा माझ्या सख्ख्या मामानेही मला ओळखलं नसतं. हातभर पापण्या, डोक्यावर ते लाल टोपलं, कमरेला श्वास अडेल असा पट्टा. सेटच्या कडेला तोच लिफ्टवाला वायरींमध्ये डोकं खुपसून बसला होता. स्पर्धकांना माईक लावायचं आणि दिवसभर त्यांचे आवाज हेडफोनवर ऐकायचं काम त्याचं होतं.

"इथेच उभी राहू का?" मी विचारलं.

वर न बघताच तो म्हणाला, "मांजर कशी आहे?"

"अय्या, ओळखलंत?"

"मी चेहऱ्यांच्या भानगडीत पडत नाही. आवाज ओळखतो."

माईक लावणं म्हणजे काय, ते मला तोवर माहीत नव्हतं. पाकिटाएवढा एक डबा कमरेच्या मागे बांधतात. त्याची वायर पाठीवरून वर चढवतात आणि तांदळाच्या दाण्याएवढा माईक विगच्या भांगात लपवतात. म्हणजे एक अनोळखी माणूस रोज तुमच्या मानेपाशी श्वास रोखून उभा राहतो... आणि तुम्ही हलायचं नसतं. मी! हलायचं नसतं! शेवटी तो डब्यावर बोटाने एक टिचकी मारायचा. टक. म्हणजे झालं.

"आता काहीतरी बोला. आवाज बघतो."

"काय बोलू?"

"काहीही. सकाळी काय खाल्लं?"

"शपथा. आज कुणाच्या प्रेमात पडणार नाही अशा."

तो हेडफोनवर हात दाबून अगदी गंभीरपणे म्हणाला, "आणखी एकदा... थोडं मोठ्याने."

मोठ्याने बोलायची सोय नव्हती, कारण सेटवरची शिस्त सांभाळणाऱ्या ताई तेवढ्यात टाळ्या वाजवत आल्या. "मुलींनो, नियम ऐका! कॅमेऱ्यामागच्या माणसांशी कामापुरतं बोलायचं. कुणाचं काही जुळलेलं दिसलं तर स्पर्धक घरी आणि कामवालाही घरी. मी कुणाची ऐकून घेत नाही, माझ्या नवऱ्याचीही घेत नाही."

मी मान डोलावली. त्यानेही डोलावली. आणि त्या दिवसापासून माझं जे बिनसलं ते बिनसलंच.

खरं सांगतो, स्पर्धेची भीती राहिली बाजूला. पडद्यांच्या कापडाचा गाऊन शिवा म्हणाले, शिवला. गाण्यावर ओठ हलवा म्हणाले, परीक्षक उभे राहतील असे हलवले. दर भागात एक जण बॅग भरून जात होती आणि मी टिकून होतो. पण जीव टांगणीला लागला होता तो दुसरीकडेच. रोज माईक लावून झाला की पुन्हा कधी लावणार याची वाट बघायची. बसवत नव्हतं, जेवण जात नव्हतं. मी मुद्दाम डबा सैल करून घेऊ लागलो, म्हणजे तो पुन्हा बांधायला येईल.

"पडला की हो," मी म्हणायचो.

"आज चौथ्यांदा पडलाय," तो म्हणायचा. "कमर बारीक होतेय का तुमची?"

"काळजीने."

"कसली काळजी?"

"सांगितलं तर ताई घरी पाठवतील."

यावर तो नुसती वायर ओढून नीट करायचा, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ... टक.

आमच्यात सगळ्यात वयाने मोठी होती तिला आम्ही थोरली म्हणत असू. एरवी शाळेची बस चालवणारा भारदस्त गृहस्थ, मेकअप चढला की साक्षात सम्राज्ञी. एकदा पापण्या चिकटवता चिकटवता ती करवादली, "तो मेला डबा! रोज पाठीला लागला की किंचाळते मी. नुसता बर्फ असतो."

"बर्फ?" मी म्हटलं. "माझा तर कोमट असतो."

थोरलीने आरशातून माझ्याकडे असं काही पाहिलं की माझ्या गालांना रंगाची गरजच उरली नाही. दुसऱ्या दिवशी मी दाराआडून पाळत ठेवली. बाकीच्यांचे डबे टेबलावर ओळीने पडले होते. एकच त्याच्या जॅकेटच्या आत, काखेत होता. आणि तो कोंबडी अंड्यांवर बसते तसा चेहरा करून बसला होता.

"माझा डबा गरम कसा असतो?" तो बांधत असताना मी विचारलं.

"बॅटरी तापते."

"थोरलीची नाही तापत."

"तिची... वेगळ्या जातीची बॅटरी आहे."

त्याचे कान लाल झाले. हेडफोन गळ्यात नसून कानांवर असते तर बिचारा वाचला असता.

मला आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. मारल्याही. पण जमिनीवर आलो तेव्हा एक नवाच किडा डोक्यात शिरला. तो डबा उबेला ठेवतो तो कुणासाठी? लाल केसांच्या, फटकळ मादामसाठी की मेकअप उतरवल्यावर उरणाऱ्या, हनुवटीवर खुंट वाढलेल्या माझ्यासाठी? क्लबात मादामवर भाळलेले पुष्कळ पाहिले होते. चेहरा धुऊन बाहेर आलो की त्यांची नजर माझ्यावरून घसरून दाराकडे जायची, मादाम अजून का आली नाही म्हणून. ह्याचीही तशीच घसरली तर?

मग तो थोरलीचा प्रसंग घडला. कपड्यांच्या खोलीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, वडील अजून बोलत नाहीत म्हणून. दार बंद होतं, पण माईक कुठे बंद होते? संध्याकाळी परीक्षकांपुढे मोठ्या स्पीकरवर तिचं ते रडणं सगळ्यांना ऐकवलं गेलं. थोरलीचा चेहरा पाहवेना.

दुसऱ्या दिवशी तो माईक लावायला आला.

"तो आवाज मीच दिला," तो हळूच म्हणाला. "मागितला, दिला. कामच आहे माझं... रात्रभर तिचं रडणं कानातून जात नव्हतं."

"तुमची काय चूक?"

"बंद करता आला असता मला. एक बटण तर होतं." मग म्हणाला, "तू नको हं कुठे रडूस."

तू! मी पार उडालो. दिवसभर माझ्या कानात तेवढं एकच अक्षर वाजत राहिलं. त्याच्या बाकीच्या बोलण्याकडे माझं लक्षच नव्हतं, आणि तेच मला पुढे भोवलं.

शेवटचा दिवस आला. थोरली आदल्याच भागात गेली होती आणि आम्ही तिघी उरलो होतो. अशा स्पर्धांची एक गंमत असते. निकाल फुटू नये म्हणून उरलेल्या सगळ्यांना आळीपाळीने मुकुट घालून शूटिंग करून ठेवतात आणि खरं कोण जिंकलं ते टीव्हीवर शेवटचा भाग लागतो तेव्हाच कळतं. तोवर सेटवरच्या कुणालाही भेटायचं नाही, फोन करायचा नाही, अशी सही आमच्याकडून घेतली होती. म्हणजे आज बोललो नाही तर त्यानंतर महिनोन्महिने तोंडाला कुलूप. आणि तोवर तो कुठल्या दुसऱ्या सेटवर, कुणाचा डबा काखेत घेऊन बसला असता कुणास ठाऊक!

कॅमेरे सुरू व्हायला अवकाश होता. पापण्यांचा गोंद डोळ्यात गेला होता, डोळे चुरचुरून पाण्याने भरले होते. तसाच मी कपड्यांच्या खोलीत शिरलो. जाताना त्याने लांबून पाहिलं. मी दार लावलं, गाऊनांच्या रांगेत उभा राहिलो आणि वर भांगाच्या दिशेने बोललो.

"ऐकतोयस ना? आता तुझ्याशिवाय कुणी ऐकत नसणार... ऐक. तू मला आवडतोस. मांजर म्हणालास तेव्हापासून. मुकुट मिळाला तर हवाच आहे, खोटं कशाला बोलू, पण तो घालून घरी गेलो आणि तू नसलास तर मला करमायचं नाही. फक्त एक आहे — तुला मादाम आवडत असेल आणि मी नाही, तर आत्ताच सोडून दे. आणि मी आवडत असेन, तर स्टेजवर जायच्या आधी डब्यावर एक नाही... दोन टिचक्या मार. मी समजेन."

बाहेर आलो. स्टेजच्या दाराशी तो शेवटचं तपासायला आला. चेहरा गंभीर. पाठीवरची वायर चाचपली, डबा नीट केला, डबा कोमटच होता. मी श्वास रोखला. मी, मादाम चुळबुळ, दगडासारखा स्थिर उभा!

टक.

मी थांबलो... थांबलो...

"झालं," तो म्हणाला, आणि मागे सरला.

डोक्यावर मुकुट ठेवला गेला तेव्हा मी दात काढून हसलो. आईने नंतर टीव्हीवर माझं त्या दिवसाचं हसू पाहिलं आणि म्हणाली, तुझे दात दुखत होते का रे?

पुढचे महिने मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. दर आठवड्याला सलूनमध्ये गिऱ्हाइकं, शेजारीपाजारी, आई, सगळे टीव्हीसमोर बसून माझ्या नावाने आरडाओरडा करायचे. मी मागे उभा राहून कंगवे धूत राहायचो. पडद्यावर त्याचा एक केसही दिसायचा नाही. दिसत होतो मी, ऐकू येत होतो मी. माझं खिदळणं, गाऊनची सळसळ, इतकी स्वच्छ की मला राग यायचा. एवढं जिवाचा कान करून ऐकणाऱ्याला तेवढंच ऐकू आलं नाही? की आलं, आणि एका टिचकीत उत्तर देऊन मोकळा झाला?

शेवटच्या भागात मुकुट दुसरीला गेला. "परीक्षकांचे डोळे गेलेत!" मामा गरजला. आई रडली. मी खरंच थोडा रडलो आणि बराचसा सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फरशी झाडत होतो. दाराची घंटी वाजली.

"केस कापायचेत," कुणीतरी म्हणालं.

केरसुणी हातातून पडली. गळ्यात हेडफोन नव्हते म्हणून मान जरा लांब वाटत होती, एवढंच. माझ्या हनुवटीवर खुंट होते, अंगावर डाग पडलेला एप्रन होता. मी त्याच्या नजरेकडे पाहत राहिलो, आता घसरेल, मग घसरेल. ती माझ्यावरच टिकून राहिली.

"बसा," मी म्हणालो. त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. आता त्याची मान माझ्यासमोर होती आणि हलायचं नव्हतं त्याने. उजव्या बाजूचे केस कापून झाले. मानेवर फिरवायचं यंत्र उचललं, ते गारढोण होतं. नकळत मी ते दोन्ही तळव्यांत धरून उभा राहिलो. आरशात पाहिलं तर तो हसत होता.

"बॅटरी तापवतोयस?"

बस, माझा बांध फुटला. "हसू नकोस! सगळं ऐकलंस आणि एक टिचकी मारून मोकळा झालास!"

"काय ऐकलं?"

"कपड्यांच्या खोलीत. शेवटच्या दिवशी."

तो खुर्चीत वळलाच. "तेव्हा... तेव्हा तुझा आवाज मी बंद केला होता. डोळे भरलेले दिसले तुझे. म्हटलं, रडायला चाललाय. थोरलीसारखं पुन्हा कुणाला ऐकवायचं नव्हतं मला. बाहेर आलास तेव्हा चालू केला. ताईंनी त्यावरून झापलंही."

"गोंद गेला होता डोळ्यात!"

"गोंद?"

"पापण्यांचा!"

एवढे महिने मी इथे कंगवे धुतले आणि तो तिकडे, एका शब्दानेही निरोप न घेता गेलेल्या माझ्यावर रुसून बसला होता. शेजारच्या खुर्चीपाशी मामाने रेडिओचा आवाज वाढवला.

"मग काय बोललास?" तो म्हणाला. "आता कान उघडे आहेत."

मी सांगितलं. सगळं, मांजरीपासून. मादामचंही सांगितलं, आणि माझ्या खुंटांचंही. बोलता बोलता आवाज इतका बारीक झाला की मलाच ऐकू येईना.

"हेडफोनमध्ये तुम्ही दोघं वेगळे येतच नाही," तो म्हणाला. "मला तर एकच जण माहीत आहे, जरा जास्त बोलणारा." मग डोळे बारीक करून म्हणाला, "ते शेवटचं, टिचक्यांचं... आणखी एकदा. थोडं मोठ्याने."

"आवडत असेन," मी रेडिओच्या आवाजावर आवाज चढवून ओरडलो, "तर दोन मार!"

कापडाखालून त्याचा हात बाहेर आला. यंत्र धरलेल्या माझ्या मनगटावर एक बोट टेकलं.

टक.

मग तो थांबला. मुद्दाम थांबला, दुष्ट!

टक.

"अरे," मामा शेजारच्या खुर्चीपासून ओरडला, "त्यांची डावी बाजू कोण कापणार?"

मीच कापली. जरा तिरकी झाली, पण गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.