मासे कुठे बघतात

दातांचे डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं, मग आतल्या माशांना खायला कोण घालतं? हा प्रश्न आत जाऊन विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी थोरलीशी पैज लावली होती. वक्तृत्वाचा करंडक मिळाल्यापासून तिची जीभ भलतीच सुटली होती. दार उघडं दिसलं तशी ती आत शिरली.

डॉक्टरांची मदतनीस खोक्यांत सामान भरत होती. खायला कोणीच घालत नाही म्हणाली. ते गेल्यापासून कुलूप आजच निघालंय. मग हे एवढे गुबगुबीत कसे? मदतनीस टाकीकडे न बघता म्हणाली, "न्यायचे तर ने. पण आजच ने."

आईने कपाळावर हात मारला. मुलगी पैज जिंकून अख्खा संसार घेऊन आली, म्हणून बाबांनी चिडवलं. नवी टाकी दोघी बहिणींच्या खोलीत मांडली. जुन्या टाकीच्या गाळणीतला स्पंज धुऊ नको, तिथलं पाणीही थोडं घाल, असं टाकीच्या दुकानदाराने बजावलं होतं. ओळखीचं पाणी असलं की मासे रुळतात. हिने थोडंच्या जागी बादलीभर ओतलं. पाण्याला लवंगेच्या तेलाचा वास होता. माशांच्या पिशव्या तरंगत ठेवल्या, काही वेळाने सोडल्या. सोनेरी मासे सुळकन बाहेर आले आणि धाकटीने टाळ्या पिटल्या.

पण खाणं टाकलं तर एकही वर येईना. सगळे दाराकडच्या काचेला तोंडं लावून, उघडझाप करत राहिले. समोर कोणी माणूस असावा तसे.

"नवी जागा आहे. बुजलेत," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते खिडकीकडे होते. ती बघत असतानाच सगळे मिळून हळूहळू सरकले, कपाटापर्यंत. तिथे थांबले. पुन्हा सरकले. तिने पडदा ओढला, दिवा मालवला, काचेला वर्तमानपत्र चिकटवलं. मासे कागद संपतो तिथे जाऊन बघू लागले. टाकलेलं खाणं पाण्यावर कुजत होतं, आणि मासे मात्र टुमटुमीत.

आईला वास सहन होईना. रविवारी मासे कोणाला तरी देऊन टाकायचे, असं ठरलं.

शनिवारी ती शाळेतून आली. खोलीत धाकटी खुर्चीत बसली होती. मान मागे टाकलेली, तोंड सताड उघडं.

मासे तिच्या बाजूच्या काचेशी दाटले होते. सगळे जरा वर बघत होते, तिच्या डोक्याच्या वर.

"काय करतेस गं?"

धाकटीने तोंड मिटलं. "ते काका म्हणाले, मोठा आ कर."

तिने मूठ उघडली. आत दात होता. सकाळपर्यंत तो हलतही नव्हता.

"दुखलं नाही, ताई."

रक्त कुठेच नव्हतं.

टाकीत मासे वळले. कपाटापाशी थांबले नाहीत. दाराच्या बाजूला गेले आणि तिथेच राहिले.

तिने धाकटीला कडेवर उचललं. दारातून जाताना अंग चोरून घेतलं, वाट अडवून कोणी उभं असावं तसं. आईबाबा स्वयंपाकघरात होते. बाबांनी माशांसाठी बादली काढून ठेवली होती.

"बादली ठेवून द्या," ती म्हणाली. करंडकवाला आवाज नव्हता तो. "मासे इथेच राहणार. मी त्यांना बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवणार आहे, सगळीकडून दिसतील असे."

"अगं, पण का?"

"मासे गेले, तर डॉक्टर कुठे उभे आहेत हे आपल्याला कसं कळणार?"