दगडाच्या पल्याड

माणदेशातल्या त्या गावापासून इंग्रजांचं पोलीस ठाणं आठ कोसांवर, आणि ओढ्यापलीकडच्या संस्थानाचं नाकं पाच कोसांवर. बेचाळीसच्या धामधुमीनंतर कुठल्याच शिपायाला खेड्यात फिरकायला सवड नव्हती. गावाला सरकार म्हणजे एकटा पोलीस पाटील, नाथाजी. त्या दिवशी तो मोटेचा नाडा तुटला म्हणून विहिरीकडे निघाला होता. तेवढ्यात गावचा राखणदार, जागल्या धुळा धापा टाकत आला.

"पाटील, राहीबाई मरून पडलीया. ओढ्यात."

राहीबाईचं खोपट नेमकं हद्दीवर. चूल इंग्रजी मुलखात, मेंढरांचा वाडा संस्थानात. मेंढरांपायी दीर जीव घ्यायला उठलाय, हे सांगायला ती दोनदा नाथाजीकडे आली होती. "मेंढरं पल्याड हायती, तिकडं सांग," म्हणून त्यानं तिला वाटेला लावलं. तिकडच्यांनी विचारलं, चूल कुठं हाय?

दुसऱ्या खेपेला ती त्याच्या उंबऱ्यापाशी बराच वेळ उभी राहिली होती. "पाटील, मग मी हाय तरी कुठं?"

नाथाजी हसला होता.

ओढा कोरडा होता. भर दुपारी एकही पाखरू बोलत नव्हतं. वाळूत शिवेचा दगड उभा होता, कमरेइतका, चुना फासलेला. त्याच्या अल्याड हातभर अंतरावर राहीबाई उताणी पडली होती. गळ्यावर बोटांचे वळ होते. फौजदार पहिलं हेच विचारणार, बाई तक्रार घेऊन आली होती का? नाथाजीची पाटीलकी त्या एका प्रश्नावर जाणार होती.

"धुळा, पाय धर. पल्याड ठिवू. त्यांचं मढं त्यांनी निस्तरावं."

"आवं पाटील, पाप लागंल..."

"धर म्हंतो न्हवं! तुझा बापबी हेच करत आला."

ते खरंच होतं. शिवेवरचं मढं शेजारच्या गावाकडे सरकवायचं, ही त्या मुलखाची जुनी रीत.

पाच पावलं पलीकडे नेऊन त्यांनी तिला ठेवलं. दरडीवर चढून नाथाजीनं मागे पाहिलं.

राहीबाई दगडाच्या अल्याड होती.

दोघं परत खाली उतरले. तिच्या टाचांची वाळूतली खूण होती तिथंच होती. ती हलली नव्हती. दगड पुढे गेला होता. त्याच्या जुन्या जागी साधा खड्डासुद्धा नव्हता, नुसती सपाट वाळू.

पुन्हा उचललं. वीस पावलं नेलं. या वेळी नाथाजीनं वळून पाहिलं नाही. पण वाळूतून दगडी जातं ओढल्यासारखा आवाज मागून येत राहिला... आणि ओल्या लोकरीचा वास.

"मी ठाण्यावर वर्दी देतो," धुळा पुटपुटला.

"गेलास तर तुझी जागल गेली म्हनून समज."

मढं तिथंच टाकून दोघं गावाकडे वळले.

दिवेलागणीला नाथाजी घरात एकटाच बसला होता. बायको शालूबाई माहेरी गेली होती. ओढ्यातला तो आवाज पांदीनं वर आला, वेशीतून आत आला, आणि दारापाशी थांबला.

त्यानं कडी काढली. उंबऱ्याबाहेर दगड उभा होता, पांढराफेक. बुडाशी ओली वाळू निथळत होती. ओढ्याला तर चार महिने पाणी नव्हतं. दगडापलीकडे धुळा काठी घेऊन उभा होता. मागून, घरातून, ओल्या लोकरीचा वास आला.

"धुळा! आत ये रं..." नाथाजीचा आवाज फाटला. "घरात कुनीतरी हाय."

धुळानं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याची नजर नाथाजीच्या खांद्यावरून आत गेली, आणि तिथंच खिळली. तो एक पाऊल मागे सरला.

"पाटील..." तो हळूच म्हणाला, "तुमी दगडाच्या पल्याड हायसा. तिकडं सांगा."

नाथाजीच्या मागे, अंधाऱ्या सोप्यात, कुणीतरी चूल फुंकत होतं.