माईकवरच्या बाई

शेजारच्या सुनेला शाळेच्या ऑफिसात बदलीवर काम लागलं, तेव्हा आळीत सगळ्यांनाच बरं वाटलं. जुन्या बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. त्या परत येईपर्यंत दाखले टाईप करायचे, फोन घ्यायचे आणि माईकवरून सगळ्या वर्गांना सूचना द्यायच्या, एवढंच काम. लेक त्याच शाळेत तिसरीला, म्हणजे मायलेकींचं जाणंयेणं एकत्र. पण नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला. ही नोकरी कायमची व्हावी म्हणून तिचा जीव नुसता टांगणीला.

आणि तिथं जो तो जुन्या बाईंचेच गोडवे गायचा. हेडसर म्हणायचे, "त्यांचा आवाज आला की पोरं जागच्या जागी गप्प!" शिपाईमामा तर हिच्यापुढं चहा ठेवतानाही सुस्कारा सोडायचे. हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खुर्चीतली उशी त्यांची, कप त्यांचा, माईकच्या जाळीलासुद्धा त्यांच्याच लवंगेचा वास. मेल्या माईकनंही त्यांचीच बाजू घ्यावी?

एका दुपारी ऑफिसात कोणी नव्हतं. तिनं खण ओढला, बाईंच्या डबीतली लवंग तोंडात टाकली आणि मनात म्हणाली, 'तुमचा आवाज गेलाय ना, तो आता गेलेलाच राहू दे.' मग बटण दाबून सूचना दिली.

शिपाईमामा धापा टाकत आले. "बाई आल्या?"

"कुठं? मीच बोलले की."

"थट्टा करता होय? वर्गात तर..." आणि ते तिच्याकडे बघत बघत मागे सरले.

टोमणाच असणार, दुसरं काय! घरी जाताना तिनं लेकीला विचारलं, "आज माईकवर कशी बोलले गं मी?"

"तू कुठं बोललीस? त्या आधीच्या बाई बोलल्या."

मग रोज तेच. तिच्या कानाला तिचा आवाज तिचाच लागायचा, वर्गात मात्र... पण पोरं गप्प बसू लागली, हेडसर खूश झाले, मग तिनंही जास्त विचार केला नाही. लवंग तेवढी रोज तोंडात असायची.

एका संध्याकाळी हेडसरांनी बोलावलं. "जुन्या बाईंच्या घशातून शब्द फुटत नाही हो. आता तुम्हीच राहा कायम."

तिला घर कधी गाठते असं झालं. अंगात कणकण म्हणून लेक त्या दिवशी घरीच होती, नवरा कामाच्या शोधात बाहेर. जिन्यात दिवा गेलेला. तिनं अंधारातच दार वाजवलं.

"सोने, दार उघड. आई आलेय."

आत पावलं आली, थांबली. कडी सरकली नाही.

"बाई...?" लेक दबक्या आवाजात म्हणाली. "तुम्ही शाळेतल्या माईकवरच्या बाई ना?"

"अगं, मी आहे! आई!"

"आई तर घरातच आहे. मघाशीच आलीय..."

दाराच्या फटीतून लवंगेचा वास आला. तिनं जिभेनं चाचपलं. तोंडात काहीच नव्हतं.

मग आतून, स्वयंपाकघराच्या बाजूनं, आवाज आला. तिचाच. तोच हेल, तीच माया.

"अनोळखी माणसाला दार उघडायचं नसतं, सांगितलंय ना तुला? वरची कडीपण लाव, सोने."

स्टूल ओढल्याचा आवाज झाला, आणि वरची कडी बसली.